अंगठ्यापुरता कोपरा

कार्ड हलतं, हे लोकांना सांगावं लागायचं. आमच्या धंद्यातलं निम्मं दुःख याच एका गोष्टीत होतं. चार दिवस खपून कागदाचं घर करावं, त्याला उघडणारं दार करावं, आत हलणारा पाळणा टांगावा, आणि घेणाऱ्यानं "छान आहे हं" म्हणून ते कपाटावर उभं करून ठेवावं. मग वर्षभर ते तिथंच. दार एकदाही उघडलं जायचं नाही. कुणाच्या घरी गेले आणि आमचं कार्ड असं धूळ खाताना दिसलं, की मी उठून सरळ दार उघडून दाखवायची. मार्थाबाई माझा पदर ओढून म्हणायची, "बस की गं गप. लोकांच्या कपाटात हात कशाला घालतेस?" पण मला राहवायचं नाही.

नगरला मिशनच्या आवारातल्या कामघरात मी एकवीस वर्षं कार्डं केली. त्यातली बरीचशी सांगण्यासारखी नाहीत. नाताळ, ईस्टर, वाढदिवस, की पुन्हा नाताळ. दुसऱ्या मोठ्या लढाईची वर्षं तेवढी वेगळी होती, म्हणून त्यांतलंच सांगते. आणि त्यातही माझ्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे. चांगल्या कामाबद्दल माझी पाठ थोपटणारे तेव्हा पुष्कळ होते. चूक जाणणाऱ्यांपैकी आता बहुतेक मी एकटीच उरले आहे.

कामघर म्हणजे एक लांबलचक कौलारू खोली. आम्ही नऊ-दहा बायका तिथं बसायचो. विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, आणि माझ्यासारख्या लग्न न झालेल्या. निम्म्या लेस विणायच्या, निम्म्या कार्डं करायच्या. एक गोऱ्या मिसबाई कामघर चालवायच्या. विलायतेहून आलेली जुनी कार्डं उसवून त्यांनी आम्हाला काम शिकवलं. माझ्या शेजारी बसणारी मार्थाबाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. ती खळ शिजवायची, त्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायची, आणि आमच्या सगळ्यांच्या तब्येतीची उठाठेव करायची.

काम कसं चालायचं ते सांगते. कार्डाच्या रंगीत पृष्ठभागाला आम्ही लुगड्यासारखं 'जमीन' म्हणायचो. जस्ताच्या पत्र्यावर दोन शाया ओतायच्या, ओल्या बोळ्यानं एकमेकींत शिरू द्यायच्या, वर पाण्याचे चार शिंतोडे मारायचे, आणि जाड कागद पालथा टाकून एका झटक्यात उचलायचा. कधी आभाळ यायचं, कधी पाणी, कधी नुसता चिखल. एकदा आलेली जमीन पुन्हा तशीच येत नाही. नगरच्या उन्हाळ्यात तर शाई पत्र्यावरच वाळून जायची, म्हणून आम्ही सकाळी उजाडताच जमिनी काढून घ्यायचो. लढाईत जाड कागद मिळेनासा झाला. मग जुन्या अहवालांची कव्हरं, कॅलेंडरांच्या पाठी, जे सापडेल ते. हातात कुठलाही कागद आला की आधी उलटून मागची बाजू कोरी आहे का पाहायचं, अशी खोड आम्हाला लागली.

जमिनीवर मग चाळा बसवायचा. हलणाऱ्या भागाला कामघरात हाच शब्द होता. चाळे तीन जातीचे. उघडणारी खिडकी, फिरणारं चाक, आणि ओढायची पट्टी. खिडकी सोपी. चाकाला मधोमध खिळी लागते, ती लढाईत मिळेना, तेव्हा आम्ही दोऱ्याच्या गाठीवर भागवलं. पट्टी सगळ्यांत अवघड, कारण ती दोन कागदांच्या मध्ये लपलेली असते आणि लपलेल्या गोष्टी अडतात. पाळकसाहेबांनी एकदा ईस्टरसाठी कार्ड मागितलं. पट्टी ओढली की येशू तिसऱ्या दिवशी उठला त्या कबरीवरची धोंड बाजूला सरकली पाहिजे. कार्ड सुरेख झालं, पण मार्थाबाईची खळ जरा जास्त झाली होती. भर उपासनेत पाळकसाहेबांनी मंडळीसमोर पट्टी ओढली, तर धोंड हलेना. पुन्हा ओढली, तरी हलेना. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "साहेब, तिसरा दिवस उजाडायचाय वाटतं अजून." त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक पट्टीला मेण घासायला लागलो.

नगरच्या लष्करी छावणीतल्या एका मडमेनं आपल्या आईला पाठवायला बर्फ पडणारं कार्ड सांगितलं. बर्फ म्हणजे आम्हाला लाकडाच्या भुशात ठेवलेली लादी ठाऊक. ती आभाळातून कशी पडते? मार्थाबाई म्हणाली, गारांसारखी पडत असणार. आम्ही निळ्या जमिनीवर चुन्याचे टपोरे ठिपके दिले आणि पट्टी ओढली की ते धाडकन खाली येतील अशी सोय केली. मडमेनं पट्टी ओढली आणि कपाळाला हात लावला. "याने माझ्या आईचं छप्पर फुटेल," म्हणाली. मग उशीतला कापूस काढून, पिंजून, तिनं तो खुर्चीवर उभं राहून सोडून दाखवला. बर्फ इतका सावकाश पडतो हे मला तेव्हा कळलं. आम्ही पुन्हा नव्यानं कार्ड केलं.

लोक पट्टी ओढत नाहीत, यावर तोड काढली ती मी. ही अक्कल माझी एकटीची होती, मार्थाबाईची नव्हे. कार्डाचा उजवा खालचा कोपरा तिरका कापून टाकायचा, अंगठ्यापुरता. तिथून पट्टीचं टोक बाहेर डोकावतं. कार्ड हातात घेतलं की माणसाचा अंगठा आपोआप तिथं जातो, आणि गेला की ओढल्यावाचून राहत नाही. मिसबाई खूश झाल्या. छावणीतून मागणी वाढली. मी इतके कोपरे कापले की पुढं पुढं कात्री तिथं पोचली की हात आपला आपणच चालायचा. मी चोवीस वर्षांची होते आणि त्या कोपऱ्याचा मला भारी तोरा होता.

अशा दिवसांत भागूबाई आमच्या ओसरीवर आली.

भागूबाई सुप्याकडच्या एका वस्तीवरून दर बाजाराला मिसबाईंच्या बंगल्यावर तूप घालायला यायची. सर्व्हिस मोटार तेव्हा कोळशाच्या गॅसवर चालायची आणि चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायची. पन्नाशीची विधवा, उंच, हाडापेरानं मजबूत, आवाज या बांधावरून त्या बांधावर जाईल असा. ती कुणब्याची, आम्ही ख्रिस्ती, आणि आमचे आजे त्याआधी कोण होते हे तिलाही ठाऊक होतं, आम्हालाही. आमच्या आवारात ती पाणी प्यायची नाही. आम्हीही विचारायचो नाही. भांडण नव्हतं, पण तेवढं अंतर दोन्हीकडून होतं.

त्या दिवशी बंगल्यावरून तुपाचा डबा रिकामा होऊन यायचा होता, म्हणून ती ओसरीवर बसली. शेजारी वाळत घातलेलं एक कार्ड तिनं उचललं. बैलगाडीचं होतं, चाक फिरणारं. चाकाच्या कार्डाला कोपरा कापावा लागत नाही. तिनं चाक फिरवलं. मग उलटं फिरवलं. डबा आला तरी तिचं फिरवणं चालूच.

"बाई, हे कुनी केलं?"

"मी केलं, मावशी."

"माज्या रंगनाथाला असं धाडायचंय. पलटनीत चालंल का?"

रंगनाथ तिचा एकुलता एक मुलगा. पलटणीत जाऊन दीड वर्ष झालं होतं. तो इराणात होता की आफ्रिकेत, हे वस्तीवर कुणालाच पक्कं ठाऊक नव्हतं. पत्त्यात नुसता आकडा. तो गेल्यावर त्याला मुलगी झाली, तिचं नाव ठकी. बापानं तिचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

"गावचे मास्तर पत्र लिहून देत असतील की," मी म्हटलं.

"लई चांगलं लिव्हतो मास्तर. इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे. पर त्यात मी नसती. अन् रंगनाथाला वाचता येत न्हाई. दुसरा कुनीतरी चारचौघांत मोठ्यानं वाचून दावतो. त्याच्या हाताला करायला कायतरी धाडा. दार उघडलं की आत ठकी दिसली पायजे."

आमच्या धंद्याचं मर्म मला आजवर इतक्या नेमक्या शब्दांत कुणी सांगितलेलं नाही. मिसबाईंनीही नाही.

उठताना ती म्हणाली, "करून ठिवा. पर धाडायच्या आदी मला दावा."

मी जीव ओतून ते कार्ड केलं. दिवेलागणीची जमीन काढली, निळी-काळी, कडेला जराशी तांबूस. तिच्यावर वस्तीवरचं घर. पट्टी ओढली की दार उघडतं, आतला पिवळा उजेड दिसतो, आणि पाळण्यातली ठकी हलते. पुढच्या बाजाराला भागूबाई आली नाही. हिवतापानं पडली होती, असं मोटारवाला म्हणाला. पत्ता माझ्याकडे होता. मी म्हटलं, थांबायचं कशाला, पोराला लेक लवकर दिसू दे, आणि पाकीट टपालात टाकलं. खरं कारण वेगळं होतं. कार्ड इतकं चांगलं झालं होतं की आता त्यात कुणी खोट काढावी असं मला वाटत नव्हतं. भागूबाई बरी होऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं, "पाठवलं, मावशी, झकास झालं होतं." ती माझ्याकडे बघत डबा उचलून निघून गेली.

तीन महिन्यांनी, बाजाराचा दिवस नसताना, ती आली. बरोबर सून हौसा, आणि हौसाच्या कडेवर ठकी. भागूबाई ओसरीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "पानी द्या."

मार्थाबाई जागच्या जागी थबकली. मग आत जाऊन तिनं तांब्या भरून आणला. भागूबाईनं तो घटाघटा रिकामा केला आणि खाली ठेवला.

"बघता काय? मी मेलेली हाय. मेलेल्याला कसला आलाय इटाळ."

तिनं कनवटीचं पत्र काढून माझ्या हातात दिलं. ते रंगनाथचं होतं, हौसाच्या नावानं. कुणा सोबत्यानं शिसपेन्सिलीनं लिहून दिलेलं. मी वाचलं. 'कार्ड पावले. कोपरा पाहिला. आईचे समजले. मागल्या पत्री तिला हिवताप असल्याचे मास्तरांनी लिहिले होते, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. येथे नदी नाही. टाकीच्या पाण्याने आंघोळ करून डोके केले. शेवटी तिच्याजवळ कोण होते? तिने माझे नाव काढले का? रजा मिळत नाही. आता मला घरी यायची घाईही नाही.'

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे मयताचं पत्र पाठवताना त्याचा कोपरा फाडतात. तसलं पत्र घरात नेत नाहीत, दाराबाहेरच वाचून फाडून टाकतात. कोपरा दिसल्यावर पुढं नीट बघायला कोण थांबतं? रंगनाथनं पाकीट उघडलं असेल, काळीशी जमीन, बंद दार आणि कापलेला कोपरा पाहिला असेल, आणि तिथंच सगळं संपलं असेल. त्यानं पट्टी ओढलीच नव्हती. कोपऱ्याशेजारी मी मोठ्या कौतुकानं 'ओढा' असं लिहिलं होतं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी.

मला हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आमच्या ख्रिस्ती घरांतही मयताचं पत्र तसंच यायचं. माझा बाप वारला तेव्हा मामाला पाठवलेल्या पोस्टकार्डाचा कोपरा मी स्वतः फाडला होता. पण साहेबांसाठी शेकडो कोपरे कापताना ती गोष्ट माझ्या हातातून निघूनच गेली होती. मी तिच्यासमोर खालीच बसले.

"मावशी, चूक माझी आहे."

"व्हय, तुमचीच," भागूबाई म्हणाली. "मी म्हनलं हुतं, दावा." तिनं मला समजावलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. "वस्तीवर मास्तरनं हे समद्यांम्होरं वाचलं. माजीच मयत मी कान दिऊन ऐकली. ते जाऊ द्या. शेवटचं काय लिव्हलंय ते पुन्यांदा वाचा."

"आता मला घरी यायची घाईही नाही."

"हां. लढाईत ज्याला घरी यायची घाई न्हाई त्यो मानूस गोळी चुकवाया वाकून चालंल का बाई? सांगा आता काय करायचं ते."

मास्तरांनी त्याच दिवशी 'आई खुशाल आहे' असं पत्र टाकलं होतं. भागूबाईला त्याचा काडीचा भरवसा नव्हता. "शेजारच्या वस्तीवरचा बाप्या गेल्ता, तवा त्याच्या पलटनीतल्या पोराला आमी सा म्हयने खुशाल खुशाल लिव्हीत हुतो. पोरानं धीर सोडू नये म्हनून. ते समदं रंगनाथाच्याच सल्ल्यानं झालं हुतं. त्यो कसा इस्वास ठिवंल?" तारेचंही तेच. मी म्हटलं, फोटो काढू. मार्थाबाई म्हणाली, फोटो काय, मरायच्या आधीचाही असतो. तिचं खरं होतं.

मी पत्र हातात घेऊन बसले होते. खोडीप्रमाणं ते उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती. एरवी मला आनंद झाला असता. पुन्हा सुलटं केलं, आणि मग माझ्या डोक्यात आलं.

"मावशी, हे पत्र त्यानं तुम्ही गेल्याचं कळल्यावर लिहिलंय. ह्याच पत्रावर, ह्या अक्षरांवरच, तुमचा हात उमटवला तर? ज्यानं लिहून दिलं तो स्वतःचं अक्षर ओळखेल."

तिला कळायला वेळ लागला नाही. तिनं डावा पंजा उघडून माझ्यापुढं धरला. करंगळी अर्धीच होती. "इळ्यानं तुटली. रंगनाथ पाच वरसांचा हुता. त्यानंच पाला चेचून बांधला."

आता अडचण अशी की पत्र एकच होतं. बिघडलं तर दुसरं नाही. आम्ही रद्दीवर सराव सुरू केला. मी शाई पातळ केली, म्हणजे खालची शिसपेन्सिल दिसत राहील. पत्र्यावर पसरून भागूबाईचा हात त्यावर दाबला आणि कागदावर उमटवला. बोटं आली, तळवा आला नाही. आयुष्यभर खुरपं धरलेला हात सपाट होतच नाही, मधे खळगा राहतो. जोर लावला तर बोटं फरकटायची. हौसा शेजारी उभी राहून बघत होती. बाराव्या की तेराव्या कागदाला मार्थाबाईनं लुगड्याची चिंधी चौघडी करून कागदाच्या खाली, बरोबर खळग्याच्या जागी सरकवली. तळवा आला. भेगांसकट, रेषांसकट, अर्ध्या करंगळीसकट. मग मी पत्र मांडलं. मिसबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. भागूबाईनं हात टेकला, मी वरून दाबला, आणि तिला म्हटलं, "आता सरळ वर उचला." तिनं उचलला. ठसा आला होता, खालची अक्षरंही दिसत होती. मी डोळे पुसले तेव्हा शाई माझ्या गालाला लागली, ती हौसानं दाखवली.

ते पत्र जाड कागदावर चिकटवलं. मला वाटलं, काम झालं. भागूबाईला तसं वाटलं नाही.

"चाळा कुटं हाय?"

"मावशी, हात पुरे की."

"नुसता हात बघून भिईल त्यो. म्हातारीचं भूत आलं म्हनंल. चाळा पायजे. डोकं भादरलंय न्हवं त्यानं? मग उगवा केस."

तेव्हा आम्ही हसलो, सगळ्याच. हाताच्या शेजारी मी एक शिपाई काढला, चकोट डोक्याचा. पट्टी ओढली की कवटीमागून काळेभोर केस वर येतात. पट्टीला मेण दोनदा घासलं. कोपरे चारही शाबूत ठेवले, आणि ओढायची खूण म्हणून पट्टीच्या टोकाला लाल दोरा बांधला. मी कार्ड भागूबाईच्या हातात दिलं आणि म्हटलं, आता तुम्ही तपासा. तिनं प्रत्येक कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग हौसा पुढं झाली. तिनं आपल्या कपाळावरचं कुंकू बोटावर घेतलं आणि चारही कोपऱ्यांना लावलं, लग्नपत्रिकेला लावतात तसं. आमच्या कामघरात कुंकवाचं बोट लागलेलं ते पहिलंच कार्ड. मिसबाईंनी पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या.

पुढचं काम माझ्या एकटीचं होतं. पलटणीचं टपाल तपासूनच पुढं जायचं. एवढं झाल्यावर कार्ड कुठल्या तरी टेबलावर अडकून पडेल, ही जोखीम मी घेणार नव्हते. मी ते घेऊन छावणीतल्या टपाल तपासणीच्या कचेरीत गेले. कारकुनानं कार्ड दोन बोटांत धरून परत दिलं. दोन कागद चिकटवून मध्ये पोकळी ठेवलेली वस्तू चालणार नाही, तिच्यात काहीही दडवता येतं. मी परत आले, कार्डाच्या पाठीला खिडकी कापली, आतली पट्टी उघड दिसेल अशी केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तो म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल, ठेवून जा. मी म्हटलं, ठेवून जाणार नाही, थांबते. सकाळी आठ वाजता बाकावर बसले. दुपारी त्यानं मला दोनदा जायला सांगितलं. मी दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा सांगायचा त्यालाच कंटाळा आला.

चार वाजता साहेबानं आत बोलावलं. तरणा गोरा होता. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण तेव्हा मला कशाचीच लाज उरली नव्हती.

"हा हात कुणाचा?"

"मेलेल्या बाईचा," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. कोपरा कापणारी मीच, हेही सांगितलं.

त्यानं लाल दोरा ओढला. केस वर आले. त्यानं सोडले, पुन्हा ओढले. कारकुनाला बोलावून त्यालाही दाखवलं. मग दौतीशेजारचा शिक्का उचलून पाठीवर मारला, आणि पाकीट माझ्यासमोर बंद केलं. बाहेर आल्यावर मला आठवलं की मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

पाच महिने काही कळलं नाही. दर बाजाराला भागूबाई यायची, मी मान हलवायची, तीही हलवायची. आली की ती पाणी मात्र मागून प्यायला लागली. त्या महिन्यांत मी कोपरे कापणं बंद केलं ते कायमचं. छावणीतली गिऱ्हाइकं म्हणाली, दोऱ्यापेक्षा कोपरा बरा होता. मिसबाईंनीही सुचवून पाहिलं. मी म्हटलं, माझ्या हातून होणार नाही, दुसरी कुणी करत असेल तर करू दे. दुसऱ्या कुणी केलं नाही. आणि गिऱ्हाइकानं हातात घेऊन तपासल्याशिवाय कार्ड पाठवायचं नाही, हा नियमही तेव्हाचाच.

हुरड्याच्या दिवसांत एका सकाळी ती फडक्यात हुरडा बांधून घेऊन आली, आणि पत्र. या वेळी ते तिच्या नावानं होतं. 'हात पावला. ज्याने पत्र लिहिले होते त्याने आपले अक्षर ओळखले. सगळ्या तंबूने केस ओढून पाहिले. माझेही वाढत आहेत. आता घाई आहे.' मी ते तिला तीनदा वाचून दाखवलं. मार्थाबाईनं हुरडा सगळ्यांना वाटला आणि त्या दिवशी कामघरात काम झालं नाही.

लढाईच्या शेवटच्या उन्हाळ्यात भागूबाई खरोखरच गेली. हिवतापानंच. मोटारवाल्यानं निरोप आणला तशी मी वस्तीवर गेले. मास्तरांनी माझ्यासमोर रंगनाथला पोस्टकार्ड लिहिलं आणि कोपरा फाडला. मी शेजारी उभी राहून पाहत होते.

त्या वर्षी दिवाळीनंतर तो आला. मी ओळखलंच, तीच उंची, तोच आवाज. ओसरीच्या पायरीवर बसला, गणवेशाच्या खिशातून कार्ड काढलं. कडा दोऱ्या-दोऱ्या झाल्या होत्या, ठसा मात्र जागेवर होता. "पट्टी तुटलीया बाई. नवी घालून द्या. ठकी ओढाया मागती."

मी कार्ड उघडून पट्टी कापायला घेतली. तो माझ्या हातांकडे बघत होता.

"पोस्टकार्ड आलं हुतं मला," तो म्हणाला. "कोपरा बघितला अन् हसलो. गड्यांना म्हनलं, नगरच्या बाईनं पुन्यांदा कात्री चालवली. वाचूनच घेतलं न्हाई. मग पलटन हालली, म्हागची पत्रं गावलीच न्हाईत. सुटलो तवा आईला लुगडं घेतलं. वस्तीवर आलो. हौसानं लुगडं हातातनं घेतलं, तवा कळलं."

माझी कात्री थांबली. त्याच्याकडे बघायची छाती होईना. एकदा मी याच्या जिवंत आईला मारलं होतं, आणि ते निस्तरायच्या नादात दुसऱ्यांदा तिचं मरणही याच्यापासून लपवलं होतं.

"रंगनाथ, हे माझ्यामुळं झालं."

"व्हय, तुमच्यामुळंच," तो म्हणाला, अगदी आईसारखं. "पर त्या पोस्टकार्डानंतरच्या चार म्हयन्यांत आमच्यातले लई जन गेले. मी आई वाट बघती म्हनून वाकून चाललो. तेवढं सांगाया आलो."

मी पट्टी घातली, मेण घासलं, लाल दोरा बांधून कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यानं एकदा ओढून पाहिलं, केस आले, आणि तो मोटार गाठायला निघून गेला.